कचेरीच्या दगडातला बाण

ब्रह्मपुरी, मंगळवार

आदरणीय बाबा, तुमाले आन् आईले जयभीम.

मी बरी आहो. जेवणाचे हाल नाईत. तुमचा गुडघा आता कसा आहे?

तुमी मोजणीवाल्या साहेबाच्या हाताखाली खलाशी असताना जुन्या कचेरीच्या दगडात कोरलेल्या ज्या बाणावर सर्वेची पट्टी धरत होते, तिथीच माझं गवंडीकाम चालू आहे. पुराचं पाणी किती चढलं, ते अजून त्याच बाणावरून मोजतात. आज ठेकेदारानं त्याच्यावर प्लास्टर मारलं. ओलं होतं, मी हातानंच पुसून टाकलं. तो म्हणाला, "घरी जाय." मी गेली नाई. हे पत्र त्या दगडाले पाठ लावूनच लिहून राह्यली.

तुमीच सांगत होते, पट्टी धरली का साहेब दुर्बिणीतून आकडा वाचून 'झालं' म्हणेपर्यंत हालायचं नाई.

इथी अजून कोणी 'झालं' म्हटलं नाई.

तुमचीच,
उर्वशी