न हललेला तारा

प्रिय खारुताई,

माझ्या पेन्सिली कुरतडायचीस म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. अकरा वर्षांनी लिहायला बसलो तर हात आपोआप त्याच्यावरच गेला. आई गेल्याचं मावशीने तुला फोनवर कळवलं, तू आली नाहीस. तुला बोल लावत नाही. या घराचं दार तुला बंद, असं तुझ्या लग्नाच्या वेळी मीच बोललो होतो. तरी पत्र फाडू नकोस. आधी कामाचं सांगतो, बाकीचं एकदम सांगायची माझी छाती नाही.

निवृत्त झालो तरी आठवड्यातून तीन दिवस वेधशाळेत जातो. त्यांचं माझ्यावाचून अडतं असं मी म्हणायचो, त्यांना तुमची दया येते असं तुझी आई म्हणायची. तुला ते यंत्र आठवत असेल. आकाशाच्या एकाच तुकड्याचे वीस वर्षांच्या अंतराने काचेवर घेतलेले दोन फोटो त्यात ठेवायचे आणि आळीपाळीने बघायचे. जवळचा तारा जागचा हललेला दिसतो. तू स्टुलावर उभी राहून 'उडाला, उडाला' म्हणायचीस आणि मी पेन्सिलीने खूण करायचो. जो हलत नाही तो लांबचा, त्याच्यात वेळ घालवायचा नाही, असा माझा खाक्या. काचेवर हजारोंनी ठिपके, दुसरं करणार तरी काय.

मागच्या महिन्यात तिथली नवी संशोधक मुलगी माझीच एक काच घेऊन आली. कोपऱ्यात एक मंद तांबूस ठिपका, खूण न केलेला. म्हणाली, काका, हा अगदी शेजारचा आहे, आणि एकटा नाही. त्याच्याबरोबर त्याच्याहून मंद असा एक जोडीदार फिरतो. हललेला दिसत नाही, कारण तो आडवा जातच नाही, आपल्यापासून सरळ दूर चाललाय. मागचा माग काढला तर सत्तर हजार वर्षांपूर्वी ही जोडी सूर्याच्या जवळून गेलेली, आज कुठलाच तारा नाही इतक्या जवळून. मी चूक कबूल केली आणि चहाचं निमित्त करून बाहेर आलो. पायऱ्यांवर बसून रडलो.

कारण तीच चूक मी घरीही केली होती. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी तू फाटकाशी आलीस. तुझं बोट धरून एक पिल्लू, पायात पिवळे बूट. मी वरच्या खोलीत खिडकीत होतो. तू कडीला हात लावलास आणि मी पडद्याआड झालो. हे वाक्य लिहायला आठ वर्षं लागली. बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही, हा माझा ताठा. थोड्या वेळाने पडदा सारला तर तुम्ही पाठमोऱ्या. आपला रस्ता सरळसोट. मला कितीतरी वेळ वाटत राहिलं की तू थांबली आहेस, आता वळशील, मग मी खाली जाईन. बूट दिसेनासे झाले तेव्हा कळलं की तू चालतच होतीस.

हे मी आईला सांगितलं ते दवाखान्यात, ती जायच्या आदल्या दिवशी. ती म्हणाली, मला माहीत आहे. तिने तुम्हाला स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. हात पुसून ती दाराकडे निघाली, तेवढ्यात वर माझी पावलं वाजली. तिला वाटलं, मी उतरतोय. दार मीच उघडावं म्हणून ती जिन्याशी थांबली. ती पावलं पडद्याआड जाणाऱ्याची होती. त्यानंतर तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. मावशीकडून तुझी खुशाली घ्यायची, आणि मी आपणहून बोलेन म्हणून वाट बघायची. परवा तिच्या कपाटात लोकरीच्या मोज्यांचे आठ जोड सापडले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. पोस्टाने पाठवता आले असते. पण पुढच्या रविवारी दुपारी मी ते घेऊन तुझ्या फाटकाशी येणार आहे, एवढंच कळवायला हे पत्र. बाहेर आली नाहीस तर पिशवी कडीला अडकवून परत फिरेन. गुडघे गेलेत, फार सावकाश चालतो. लांबून तुला मी उभाच वाटेन. तसं समजू नकोस, हाक मारायची असेल तर लवकर मार.

तुझाच, पडद्याआडचा,
बाबा