मेहुण्याचा साउंडबार

४ नोव्हेंबर, मंगळवार

गळ्यात टाय आणि डोक्यात भुसा! मोठ्या दुकानातला विक्रेता मला सांगतो — 'सर, हजार वॅटचं होम थिएटर आहे, बिल्डिंग हलेल.' म्हटलं, बिल्डिंग जागेवरच राहू द्या, मला संवाद ऐकायचेत. खोकं उलटं करून मागची पट्टी वाचून दाखवली. भिंतीतून घेतं एकशेवीस वॅट. मग उरलेले आठशेऐंशी काय तुमच्या घरून येतात? तो हसला. 'सर टेक्निकल दिसतात.' दिसत नाही, आहे! छत्तीस वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करतोय, कुठल्या कॉलेजची पायरी न चढता. बेअरिंग जाणार हे मला आठ दिवस आधी नुसत्या आवाजावरून कळतं. हा मला वॅट शिकवणार!

घ्यायचंय ते हिच्यासाठी. हिच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. रविवारी दुपारी दोघांनी सिनेमा बघायचा हा लग्नापासूनचा नेम. गेले दोन महिने ती टीव्हीसमोर बसते आणि अर्ध्यातच उठून भांडी विसळायला जाते. जाणारच! टीव्हीच्या पाठीला रुपयाएवढे दोन स्पीकर, तेही भिंतीकडे तोंड करून. डोळे गेले तर निदान कानांना तरी धड काही मिळायला हवं. हाताशी पंचवीस हजार आहेत. तेवढ्यात तिचा सिनेमा तिला परत मिळवून देतो की नाही बघा!

५ नोव्हेंबर

मेहुण्याचा फोन. 'भाऊजी, कशाला डोकं शिणवता? साउंडबार घ्या. एक वायर जोडली की विषय संपला!'

साउंडबार म्हणजे फळी. लांबट फळीत चार टिकल्या बसवायच्या आणि त्याला थिएटर म्हणायचं! याने स्वतःच्या घरी लावलीय. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे संवाद येतात. हा विमा विकतो. त्याने विमाच विकावा.

८ नोव्हेंबर, शनिवार

मिळाले! एक डान्स क्लास बंद होतोय, त्यांचे स्पीकर. लाकडी पेट्या, जड, आतलं कॉइल शाबूत. फक्त पुढच्या कागदी शंकूभोवतीची फोमची कडी भुगा झालेली. क्लासवाल्या बाई म्हणाल्या, 'फाटलेत हो, काय करणार घेऊन?' मी चेहरा पाडला आणि साडेसहा हजारांत जोडी उचलली. फोम म्हणजे आतलं यंत्र समजतात लोक. अडाणी!

अँप्लिफायर नवा, साधा, दोन चॅनलचा. त्यावर निळे दिवे नाहीत म्हणून दुकानदाराने तो खालच्या फळीवर धूळ खात ठेवला होता.

९ नोव्हेंबर

नव्या कड्या चिकटवल्या. चोवीस तास हात लावायचा नाही. ही दोनदा म्हणाली, 'झालं का?' फेव्हिकॉल वाळायची घाई करून चालत नाही, म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लागले! टेप घेऊन मोजलं — दोन स्पीकर आणि हिची खुर्ची, तिन्ही बाजू सात फूट चार इंच. ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, बरोबर तिच्या कानाच्या उंचीला. समोर गालिचा टाकला, म्हणजे फरशीवरून आवाज उसळत नाही.

सिनेमा लावला. काय तो आवाज! नायकाने पेला टेबलावर ठेवला तर पेला जाड काचेचा आहे हे कळत होतं. मध्येच ही म्हणाली, 'कोण आलं?' मी म्हटलं, शू! दहा मिनिटांनी पुन्हा — 'अहो, आता काय झालं?' अगं ऐक ना! एवढं स्वच्छ येतंय! सिनेमा चालू असताना बोललेलं मला चालत नाही, आता तर मुळीच नाही. इतकी मेहनत बडबडीखाली गाडायची?

मग नाही विचारलं तिने. शेवटपर्यंत जागची हलली नाही. 'छान आहे आवाज,' म्हणाली.

जिंकलो.

१८ नोव्हेंबर

स्पीकरच्या स्टँडच्या नळ्यांत वाळू भरली. बारीक कंप होता, गेला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच म्हणाली, 'आज सिनेमा भावाकडे बघते.' भावाकडे! त्या फळीवर!

'आपल्या आवाजात काही खोट आहे का?'

'नाही हो. तुमचा आवाज चांगलाच आहे.'

'मग?'

'मग काही नाही. त्याने बोलावलंय.'

तो दारात गाडी घेऊन हजर. 'चल ताई! भाऊजी, तुम्हीही येता?' म्हटलं, मला कान आहेत.

२४ नोव्हेंबर

वरचे स्वर जरा टोचत असतील. खिडकीला जाड पडदा लावला. पुन्हा मोजलं — सात फूट चार इंचच.

३० नोव्हेंबर, रविवार

आजही गेली. साडेचारला तिला आणायला गेलो. दार उघडंच होतं. चपला काढता काढता थबकलो. फळी वाजत होती, पण तिच्यावर मेहुण्याचाच आवाज. सिनेमाभर बडबड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

'ताई, म्हातारा दारात उभा आहे. हातात पत्र. उघडत नाहीये, नुसता उलटसुलट करतोय.'

'आणि सून?'

'सून पाठमोरी. मान खाली. खांदे हलतायत. रडतेय बहुतेक.'

'रडत नाहीये रे गाढवा, हसतेय ती!'

'थांब, वळली... अगं खरंच हसतेय! तुला कसं कळलं?'

आणि ही खळखळून हसली. तीन महिन्यांत हे हसणं मी ऐकलं नव्हतं.

मी तिथेच उभा. कान फळीकडे लावले. काही नाही. त्या प्रसंगात कोणी एक शब्द बोलत नव्हतं, संगीतसुद्धा नव्हतं. चांगली तीन मिनिटं. माझ्या स्पीकरमधूनही तिला तिथे काहीच मिळालं नसतं — अगदी स्वच्छ काहीच नाही.

परत येताना तिने माझा दंड धरला होता. 'लवकर आलात?' म्हणाली. हो म्हटलं.

१ डिसेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या मागे जाऊन मेहुण्याला फोन केला. विचारलं — चार माणसं समोर असली तर आधी कोणाचं सांगायचं? चेहरा आधी, की हात?

तो सांगत गेला. मी लिहून घेतलं.