लेकरांच्या माळावर

ड्रमीन
२० मार्च १९९४

प्रिय सबिना,

विनीमावशी गेली. मार्चच्या पहिल्या मंगळवारी, दुपारच्या चहानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. तुझा कॉव्हेंट्रीचा पत्ता मी तुझ्या मावसबहिणीकडून घेतला. देताना तिने दोनदा विचारलं, इतक्या वर्षांनी नक्की काय लिहिणार आहेस? मी म्हटलं, गावातल्या मयतांच्या बातम्या. तिला ते लगेच पटलं, कारण माझ्याकडून दुसरी कुठली बातमी कुणी अपेक्षितच नाही. वडिलांच्या मागे पब आणि पेट्या, दोन्ही माझ्याकडे आले. पुढच्या खोलीत लोक पीत बसतात, मागच्या खोलीत शवपेट्या उभ्या असतात. पेग टुही म्हणते, आम्ही सगळे पुढून मागे जाण्याच्या वाटेवर आहोत, कोलमनला घाई नाही. पेग आठवते ना, पोस्टातली? अठ्ठ्याहत्तरची झाली, जीभ तशीच आहे.

या हिवाळ्यात सहा जणांना पोचवलं. डोंगराकडचे ते दोघे म्हातारे भाऊ एकाच आठवड्यात गेले. थोरल्याच्या कबरीची माती बसली नव्हती तोच धाकट्यासाठी शेजारची खणायला शेजारी फावडी घेऊन पुन्हा हजर. माझी बायको ऊना जाऊन चार वर्षं झाली. आम्हाला मूलबाळ झालं नाही. तुझ्या वडिलांनाही मीच नेलं, एकाहत्तर साली. तुझी तार आली, तू आली नाहीस. त्या दिवशी मी तुझ्यावर फार चिडलो होतो, आणि आता त्या चिडण्याची मला लाज वाटते. का, ते मी लिहिणारच आहे, पण मला आधी विनीमावशीचं सांगू दे.

तिचं काम तुला ठाऊकच आहे. बाळंतपणाला तिला बोलवायचे आणि मयताला अंघोळ घालायलाही तिलाच. मी तीस वर्षं तिच्या बरोबरीने काम केलं. पेटी घेऊन मी घरात पाय ठेवायचो तोवर तिने खिडकी उघडलेली असायची, घड्याळ थांबवलेलं असायचं, आरशावर चादर टाकलेली असायची. आणि ती मेलेल्या माणसाशी बोलत बोलत त्याला पुसत असायची. हात वर कर रे थेडी, आता कसली लाज, असं. मी तरुण होतो तेव्हा हसू यायचं. पुढे लक्षात आलं, की तिच्या हाताखालून गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण राहत नाही. ती हे कसं करायची ते मला अजून कळलेलं नाही, आणि हा माझा धंदा आहे.

फेब्रुवारीत तिचा निरोप आला, ये, आणि येताना माप घ्यायची पट्टी आण. चेष्टा असेल म्हणून गेलो, तर टेबलावर पेटीत अंगावर घालायचा तिचा तपकिरी झगा इस्त्री करून ठेवलेला, वर जपमाळ, बाजूला दोन मेणबत्त्या. मला म्हणाली, लिहून घे. सकाळी रेडिओवर मयतांची नावं वाचतात त्यात माझं साधं येऊ दे, मोठमोठे शब्द नकोत. फुलं नकोत. घर सगळ्यांना उघडं. आणि सँडविचमधलं हॅम जाड काप, ऊनाच्या वेळी तू कागदासारखं कापलं होतंस. मी सगळं लिहून घेतलं. मग ती म्हणाली, ‘मला गाडीत घालायचं नाही. चर्चमधली मिस्सा झाली की डांबरी रस्त्याने नको, वरच्या जुन्या वाटेने न्या, खांद्यावरून. लेकरांच्या माळापाशी मला खाली ठेवा.’

मी विचारलं, ‘किती वेळ?’

‘मी सांगेन तोवर.’

‘मावशी, तू पेटीत असशील.’

‘तुला कळेल, पोरा. इतका काही मठ्ठ नाहीस तू.’

लेकरांचा माळ. गेल्या तीस वर्षांत तिथे कुणाला पुरलं नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. नव्या पोरांना वाटतं ते नुसतं मेंढ्यांचं रान आहे. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेलं मूल चर्चच्या दफनभूमीत चालायचं नाही, स्वर्गातही नाही आणि नरकातही नाही, असं आपल्याला शिकवलं, आणि आपण मान डोलावली. बाप ते गुंडाळून अंधारात माळावर न्यायचा, नाहीतर विनीकडे द्यायचा. त्या दुपारी तिने मला सांगितलं, की ती एकाही मुलाला अंधारात घेऊन गेली नाही. भर दिवसा न्यायची, पाठीवरच्या टोपलीत, वर जळणासाठी वाळवलेल्या मातीची चार ढेकळं रचून. वाटेत भेटणारा म्हणायचा, ओझं जास्त झालं का, मावशी? ती म्हणायची, नाही रे बाबा, हलकंच आहे. मी विचारलं, दिवसा का? म्हणाली, ‘लेकरू पहिल्यांदाच घराबाहेर पडतंय. उजेडात जाऊ दे.’

ती गेल्यावर सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे केलं. तिला अंघोळ घालायला कोण, हा प्रश्न होता. पेग आली, बाह्या सारल्या आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दोन दिवस घर भरलेलं होतं. लोक ओळीने यायचे, तिच्या हातावर हात ठेवायचे, मग स्वयंपाकघरात चहा आणि जाड हॅम. अर्ध्या गावाला या जगात तिनेच आणलेलं, त्यामुळे हात ठेवताना जो तो आपल्या जन्माची गोष्ट सांगायचा. तिचा पुतण्या फेस्टी मात्र कुरकुरत होता. ‘पावसाचं चिन्ह आहे, चढण आहे, आणि म्हातारीचा हट्ट,’ म्हणाला. ‘गाडीने पाच मिनिटांचं काम. तुला एवढी गाडी कशाला दिलीय देवाने?’ फादर डेक्लनना इथे येऊन दोनच वर्षं झालीत, पस्तिशीचे आहेत. त्यांना माळ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग म्हणाले, वाट तुम्ही ठरवा, मी मागून येतो.

गुरुवारी अकराची मिस्सा झाली. पेगचे सहाही मुलगे खांद्याला होते. एका उंचीचे आहेत म्हणून मी नेहमी त्यांनाच सांगतो. मागे अख्खं गाव. पाऊस पडला नाही. चढणीवर नुसते बूट वाजत होते आणि खाली समुद्र. माळाच्या भिंतीपाशी मी आधीच स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या होत्या. त्यांच्यावर पेटी टेकवली. आत तुला आठवत असेल तसंच आहे, काटेरी झुडपं, ओलं गवत आणि गवतात गुडघ्याएवढेही नसलेले दगड, कुठल्याही दगडावर एक अक्षर नाही. फादरनी एक जपमाळ म्हटली. ती संपली. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि मनात म्हटलं, मावशी, आता सांग.

तेवढ्यात पेगने आपली पर्स थोरल्या मुलाच्या हातात दिली आणि भिंतीच्या खिंडारातून आत शिरली. ओवेन म्हणाला, ‘आई, कुठे निघालीस? ओलं आहे तिकडे.’

‘तुझ्या भावाकडे,’ ती म्हणाली. ‘तुझ्याआधीचा. तुझ्यात आणि त्याच्यात दीड वर्षाचं अंतर.’

पन्नास वर्षांचा माणूस तो, सबिना. हातात आईची पर्स धरून जागच्या जागी उभा राहिला. पेग गवतातून चालत गेली, दगड शोधावा लागला नाही तिला, आणि त्याच्या बाजूला सरळ उभी राहिली, तिकिटं विकताना उभी असायची तशी. मग बेकरीवाली निघाली. मग शाळेतल्या बाई, ज्यांनी आपल्याकडून देवाचे नियम पाठ करून घेतले, त्या. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून गेल्या, त्यांच्या आईच्या मुलापाशी. आई तर साठ सालीच गेली. एकीला भिंत ओलांडता येईना. तिने काठीने दाखवलं, आणि तिची नात आत जाऊन त्या दगडापाशी उभी राहिली. एकेक करत त्या गर्दीतून सुटत होत्या, आणि त्यांचे नवरे, त्यांची मुलं त्यांच्याकडे पाहत होती, कधी न पाहिल्यासारखी. मी या गावातली आठशेच्या वर माणसं पुरली आहेत. मला वाटायचं कुणाच्या घरात काय आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मला काहीच ठाऊक नव्हतं. पुढे पेगनेच सांगितलं, की बाळंतीण उठून चालायला लागली की विनी तिला दिवसाउजेडी माळावर नेऊन दगड दाखवायची आणि पुन्हा त्यावर बोलायची नाही. एकीचं दुसरीला तिने कधी कळू दिलं नाही. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच.

सबंध माळावर दगडांपाशी बायका उभ्या होत्या. कुणी रडत नव्हतं. वाऱ्याने डोक्यांवरचे रुमाल फडफडत होते, एवढाच आवाज. मी इतक्या मिस्सा ऐकल्या, बिशपना पाहिलं, एकदा रोमलाही जाऊन आलो, पण देव आसपास आहे हे मला जाणवलं ते तिथे. फादर डेक्लन खिंडारापाशी आले आणि थांबले. हातातलं पुस्तक मिटलं. पेगला विचारलं, ‘मी आत येऊ का?’

पेग म्हणाली, ‘तुमच्याआधीच्या कुणी विचारलं नव्हतं, फादर. या.’

ते आत आले. पवित्र पाणी घेऊन प्रत्येक दगडापाशी गेले, वाकले. 

आता ते लिहितो, ज्यासाठी ही इतकी पानं लागली. माप घ्यायला गेलो त्या दुपारी विनीने अजून एक गोष्ट सांगितली होती. एकीला दगड दाखवायचा राहिला, म्हणाली, कारण तिला आठव्या दिवशी बापाने इंग्लंडच्या बोटीवर बसवलं, नीट उभंसुद्धा राहता येत नव्हतं तेव्हा. अठ्ठावन्नचा फेब्रुवारी. मी तेव्हा स्कॉटलंडात होतो, बटाटे काढून झाल्यावर बोगद्याच्या कामावर, दर महिन्याला नवा तळ, पत्ता असा नव्हताच. ईस्टरला परत आलो तर तू गेलेली. तुझे वडील म्हणाले, तिला इथे राहायचं नव्हतं. मी तेच खरं धरलं. छत्तीस वर्षं तेच खरं धरून तुझ्यावर रुसलो. विनीला विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंस? म्हणाली, ‘ते गुपित तिचं होतं, माझं नव्हतं. पण आता मी चालले, आणि मी गेल्यावर तो दगड कुणाचाच राहणार नाही.’ मुलगी होती, सबिना. तिने श्वास घेतला नाही. विनीने कोमट पाण्याने तिला अंघोळ घातली, स्वतःच्या लग्नातल्या चादरीचा तुकडा फाडून गुंडाळलं. केस तांबडे होते, मला म्हणाली, तुझ्याच घराण्यातले. पूर्वेच्या भिंतीलगत, पांढरी गारगोटी.

त्या गुरुवारी ती पांढरी गारगोटी मला बाहेरून दिसत होती. तिच्यापाशी कुणी नव्हतं. मी टोपी खुर्चीवर ठेवली आणि आत गेलो. सगळं गाव पाहत होतं. फादर सोडले तर बायकांमध्ये मी एकटाच पुरुष. दगडापाशी उभा राहिलो तेव्हा पेगने माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, वर्षं मोजली असावीत, आणि मान हलवली.  पेग काही बोलली नाही असं यापूर्वी झालेलं मला आठवत नाही. थोड्या वेळाने ओवेन आत आला, मग त्याचे भाऊ, मग नवरे, मग सगळेच, फेस्टीसुद्धा. तेव्हा मला कळलं की विनीने सांगितलं. आम्ही पेटी उचलली.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी फादर डेक्लन माळावरच मिस्सा म्हणणार आहेत, आणि तिथल्या मुलांची नावं मोठ्याने वाचणार आहेत. ज्यांना कधी नाव मिळालं नाही त्यांना घरच्यांनी आता द्यायचं. यादी माझ्याकडे आहे. पेगने त्याच संध्याकाळी नाव आणून दिलं, तिच्याकडे ते पन्नास वर्षं तयार होतं. आपल्या मुलीसमोरची जागा मी मोकळी ठेवली आहे. नाव सुचवायला लोक तयार आहेत, माझ्या आईचं नाव दे म्हणतात, पण तो हक्क मला नाही. तुझ्याकडे नाव असणार, मला खात्री आहे. ते एका ओळीत लिहून पाठव, दुसरं काही लिहू नकोस वाटलं तर. आणि स्वतः येऊन सांगावंसं वाटलं, तर बोट जिथे लागते तिथे मी उभा असेन.

तुझाच, ज्याला उशिरा कळलं तो,
कोलमन