खवल्यांचं फळ आणि अण्णांचं घड्याळ

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (बसल्या जागेवरूनच, वाकायचं धाडस होत नाही). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे बाकीचे. माझं काही खरं नाही.

झालं असं, की नव्या सूनबाईने ऑफिसातून येताना एक फळ आणलं. गुलाबी, आणि अंगभर खवले. (फळाला कधी खवले असतात का गं?) आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहेच: नवी वस्तू आधी घरातल्या मोठ्याने चाखायची. अण्णांनी ती पाडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मिठाई असणार. अण्णा गेल्यापासून मोठा मीच (खरी मोठी तू, पण सासरी जाऊन सुटलीस). सूनबाई म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही." आता नव्या सुनेसमोर भितो कसं म्हणू? फळ दुकानातल्या टेबलावर घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उघडतो तसं मागच्या बाजूने पात्याने उचकटलं. आत रक्तासारखा गर आणि त्यात काळे ठिपके. मला वाटलं, अंडी! चिमट्याने एकेक उपसायला बसलो, तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, खाताय की दुरुस्त करताय?" मग डोळे मिटून खाल्लं. चव? काही नाही! एवढं घाबरवून वर पाणचट. पण सूनबाईने "आवडलं ना, बाबा?" असं इतक्या आशेने विचारलं, की अख्खं संपवलं.

आणि आज सकाळी... तुझ्यापाशी कसली लाज, लघवीला लालभडक झालं. डॉक्टरकडे जावं तर सूनबाईला कळणार. तिच्या फळाने सासरा गेला, हे पोरीच्या कपाळी जन्मभर. म्हणून गप्प बसलोय. दुकानातली सगळी घड्याळं टिकटिक करताहेत, आणि प्रत्येक टिक मलाच उद्देशून आहे. ताई, मला फार भीती वाटतेय गं.

तेव्हा अण्णांचं भिंतीवरचं घड्याळ, ज्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो, ते तुझं. किल्ली वेळेवर देत जा. आणि सूनबाईला कुणी बोल लावायचा नाही.

तुझा (आहे तोवर)
धाकटा भाऊ

ता. क. : सूनबाई दुपारीच घरी आली. माझा चेहरा बघून तिने खोदून खोदून विचारलं, आणि मग पोट धरून हसली. त्या फळाने तसं होतंच म्हणे, उद्यापर्यंत जातं. तेव्हा घड्याळाची ओळ तू वाचलीच नाहीस असं समज. पत्र फाडणार होतो, पण तुझ्या गुडघ्यांची चौकशी मनापासून केली आहे.

ता. क. : वन्सं, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. सोबतचं खोकं जपून उघडा. ह्यांनी सकाळी रडत रडत स्वतःच्या हाताने घड्याळ बांधलं होतं. म्हटलं, इतकं छान बांधलेलं कशाला सोडायचं? घड्याळाशेजारी सूनबाईने आज आणलेलं तसलंच दुसरं फळही ठेवलंय. खऱ्या मोठ्या तुम्हीच, तेव्हा आधी तुम्ही.