जिवंत आत्यास, साडीच्या दुकानातून

ती. मालुआत्यास, नागेंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, माधवी, जावई आणि निपाणीची हवा सगळं ठीक असेल असं धरून चालतो. पत्र अशासाठी, की फोनवर तू ‘व्हय रं, जेवलो’ एवढं सांगून ठेवून देतेस, आणि मला सांगायचं आहे ते जेवणाच्या बरंच पुढचं आहे.

कॉलेजच्या दारातली तुझी चहाची खोली तू माझ्या हवाली केलीस आणि लेकीकडे निघून गेलीस, तेही कुणाला न सांगता. (पोरांचा निरोप घेताना रडू येईल म्हणालीस. तुझं रडू वाचलं, माझं सुरू झालं.) मी तिथं घरच्या मागावरच्या साड्यांचं दुकान घातलं, आणि आता अख्ख्या कॉलेजच्या लेखी मी म्हातारीला हाकलून तिच्या चुलीवर बसलेला राक्षस आहे. पोरं पायरीवर घरून आणलेला चहा पितात, माझ्याकडे बघून पितात. आत येतात, गादीवर बसतात, दहा साड्या उलगडायला लावतात आणि गंभीर चेहऱ्यानं विचारतात, “मामा, ह्याच्यासंगट भजी काय हाय?” त्यांची पुढारी आरोही आपल्याच वडगावची, विणकराची पोर. ती उलगडलेली साडी परत अशी चोख घडी घालून ठेवते, की मला तिच्यावर नीट चिडताही येत नाही.

पण मी हटणार नाही. व्यापारी आपला माल उचलत नाहीत हे तुला ठाऊक आहे. दसऱ्यापर्यंत हे दुकान चाललं नाही तर आप्पांचे माग भंगारात जातील, आणि तुझा भाऊ मागाच्या आवाजाशिवाय कसा बसेल ते मला बघवणार नाही. म्हणून पोरांना ठणकावून सांगितलं, इथं चहा मिळणार नाही, साडी मिळेल, बोंबला!

त्यावर पोरं बोंबलली ती फ्लेक्सवर. दुकानासमोर तुझा हा मोठा फोटो, खाली ‘मालुआक्का, तुमची जागा कुणीही घेऊ शकत नाही’ असं मराठीत आणि तेच कन्नडमध्ये. (मला शिव्या घालायला का होईना, दोन्ही भाषा एका फ्लेक्सवर गुण्यागोविंदानं नांदल्या.) पोरांकडे तुझा फोटो होता तो जुना, काळापांढरा. छापणाऱ्यानं म्हाताऱ्या माणसाचा काळापांढरा फोटो बघितला आणि हाताच्या सवयीनं दोन्ही बाजूंना समया लावून दिल्या.

सकाळच्या बसमधून तुझा दीर सुबराव चालला होता. त्यानं समया बघितल्या. दुपारपर्यंत बेळगुंदीची सगळी भावकी टेंपो भरून माझ्या दारात! बायकांनी पायरीपासूनच गळा काढला. सोबत रीतीप्रमाणे भाकरी-पिठल्याच्या बुट्ट्या, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. मी ओरडून सांगतोय, आत्ती निपाणीत हाय, बरी हाय! सुबराव म्हणाला, “म्हंजे तिकडंच नेऊन सगळं उरकलासा? आमास्नी तोंडसुद्धा बघू दिलं न्हाय व्हय रं?” तुला फोन लावला तर तू उचलला नाहीस, त्यानं तर त्यांची खात्रीच पटली. शेवटी माधवीनं तुला व्हिडिओवर दाखवलं. पाय पसरून तू लाडू खात होतीस. भावकीला आनंद झाला, पण थोडी निराशाही दिसली.

आता दुखवट्याची भाकरी माघारी नेत नाहीत. मग पायरीवरच्या पोरांना आत बोलावलं. भावकी, पोरं आणि मी, सगळे गादीवर बसून तुझ्या मरणाचं जेवलो. पिठलं झकास होतं. रडायला आलेल्या बायकांनी, आता आलोच आहोत तर म्हणून, साड्या बघितल्या आणि घेतल्याही. दुकानाची पहिली बोहनी तुझ्या नावानं झाली गं आत्या. तरी चहा मी ठेवणार नाही म्हणजे नाही!

तुझा आज्ञाधारक (आणि निर्दोष),
नागेंद्र

ता. क. : फ्लेक्स अजून तिथंच आहे. काढू म्हटलं तर आरोही म्हणते, गिऱ्हाईक त्यानंच येतंय.

ता. क. २ : जेवणावर पोरांना चहा लागतो म्हणून एकदाच केला. आरोहीनं एक घोट घेतला, पेला हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, “मामा, आमचा बहिष्कारच बरा हुता.” तू आलं आधी घालायचीस की दूध?

ता. क. ३ : ते कागदावर लिहून कळायचं नाही. तूच ये. गुडघ्यांसाठी उंच स्टूल करून घेतलंय. तुझी चूल मी फोडलेली नाही. वर फळी टाकून साड्या मांडल्यात, एवढंच. फळी हलकी आहे, एका हातानं उचलता येते.