जाताना पुसून जावे

१५ नोव्हेंबर ९९, सोमवार

सुनंदाची पाठ? बरी आहे. रतिलालचं पित्त? दिवाळीचा चिवडा संपला, आता उतरेल. शेजारच्या अभिमनआबांचा खोकला तसाच. त्यांची प्रमिला ठणठणीत, पुढच्या महिन्यात लग्न आहे. माझा गुडघा — त्याचं विचारू नये.

मी लिहायला शिकले ते पत्रं लिहून. म्हणून स्वतःच्या वहीतसुद्धा आधी सगळ्यांच्या तब्येती विचारल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

आज वही काढली ती किळस आली म्हणून. कुणाला सांगायची सोय नाही. सुनंदाला सांगावं तर ती सून, मुलाला, रतिलालला सांगावं तर दुकान त्याचंच.

रतिलालने एसटीडीच्या दुकानात दिवाळीआधी तीन कॉम्प्युटर टाकले. प्लायवूडच्या तीन केबिनी, प्रत्येकीला पडदा. दुपारी तो जेवून आडवा होतो तेवढा वेळ गल्ल्यावर मी. आज एक जण आला होता, सफारीतला, साठीचा असेल. जाताना "येतो अक्का" म्हणाला. चांगला माणूस वाटला. मी खुर्ची पुसायला आत गेले, तर कॉम्प्युटरच्या काचेवर सगळं तसंच सोडून गेलेला.

माणसं होती एवढं कळलं. बाकी नुसतं मांस. खाटीकसुद्धा दुकानाला जाळी लावतो. बंद कसं करायचं ते येईना, शेवटी माझा टॉवेल काचेवर टाकला. फिनाईलची बादली घेऊन खुर्ची धुतली, टेबल धुतलं, तो उंदीर धुवायला निघाले तर सुनंदा धावत आली — "आत्याबाई, त्याला पाणी लावू नका!"

संध्याकाळी तिने भरीत केलं. भाजून सोललेलं वांगं ताटात बघितलं आणि उठले. या सिझनचं पहिलं भरीत, आणि मी दूध-भाकरी खाल्ली.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

रतिलालला बोलले. तो म्हणाला, "बठ्ठं जग देखस, माय. मी काय लोकेस्ना डोया बांधू?"

म्हटलं, सगळं जग बघू दे, डोळे बांधू नकोस, पण दुकान तुझं आहे. त्यावर हसला. म्हणाला, नुसत्या ई-मेलवर तीन मशीनं चालत नाहीत.

२२ नोव्हेंबर, सोमवार

आजची किळस वेगळी. सफारीवाल्याची किळस फिनाईलने गेली होती.

चार वाजता चहा द्यायला दुकानात गेले. एक मास्तर नुकतेच उठून गेले होते, त्यांच्या मशीनपुढे रतिलाल आणि त्याचा दोस्त छगन, शेजारचा कॅसेटवाला. दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे. छगन मांडीवर थापा मारत होता. "देख, देख, मास्तर काय काय देखी गया! आनि शाळामा सुविचार लिखस."

मी विचारलं, ते गेले, मग तुम्हाला कसं दिसतं? रतिलालने मोठ्या हौसेने दाखवलं, जसं लहानपणी मला पाढे म्हणून दाखवायचा. मशीन सगळं ध्यानात ठेवतं. किती वाजता, कुठे कुठे, किती वेळ. गिऱ्हाईक उठलं तरी यादी आत राहते. आणि शेजारी आमचं रजिस्टर उघडं. वेळेपुढे वेळ लावायची, नाव सापडतं.

रजिस्टरचे रकाने मी आखलेत. नाव, गाव, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. मीच म्हटलं होतं की शिस्त असलेली बरी. आणि आपली माणसं किती भोळी, वडिलांच्या नावासकट, वळणदार अक्षरात लिहितात. खोटं नाव लिहावं हे कुणाला सुचतसुद्धा नाही!

काचेवरच्या त्या लोकांनी निदान कपडे आपले आपण काढले होते. माझा मुलगा दुसऱ्यांचे काढतो, आणि वर चहा मागतो.

चहा मोरीत ओतला.

२४ नोव्हेंबर, बुधवार

गुडघ्यासाठी दवाखाना. दोनला गेले, चारनंतर आले. रतिलाल दिवसभर पाचोऱ्याला, म्हणून जाताना मीच दुकानात सुनंदाला बसवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एवढं सांगायला दोन तास बसवून ठेवलं. परत आल्यावर सुनंदाने चहा दिला तो बिनसाखरेचा.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अक्षर वाकडं येईल.

रतिलाल आणि छगनकडे कागद आहे. मशीनमधून छापून काढलेला. बुधवारची यादी, दोन नंबरची केबिन, दुपारी दोन-वीस ते तीन. आणि रजिस्टरात त्या वेळेला एकच नाव — प्रमिला अभिमन, काम: भावाला मस्कतला पत्र. आल्याची वेळ २.१०. गेल्याची वेळ लिहिलेली नाही.

मी म्हटलं, फाड तो कागद. रतिलाल खाली बघायला लागला. फाडून उपयोग नव्हता. छगनची बहीण धुळ्याला दिलेली आहे, ती प्रमिलेच्या होणाऱ्या सासरच्याच गल्लीत. त्याने कालच तिला फोन केला. आमच्याच बूथवरून.

"गंमत म्हनीसन सांगं, अक्का," छगन म्हणाला.

तुझ्या गमतीला आग लागो. बिनआईची पोर. बालवाडीत शिकवून बापाला सांभाळते. सव्वीस वर्षं पुरी झाल्यावर कुठे जमलंय.

सुनंदाला विचारलं, बुधवारी प्रमिला किती वेळ होती गं? ती पोळपाट धूत होती. म्हणाली, "लक्ष नव्हतं, आत्याबाई."

२७ नोव्हेंबर, शनिवार

प्रमिलेला बोलावून घेतलं. तिच्या कानावर गेलेलंच होतं. रडून डोळे सुजलेले.

म्हणाली, "अक्का, मी नाही. मी भावाला चार ओळी पाठवल्या आणि उठले. दहा मिनिटंसुद्धा नाही झाली."

मी तिचा हात धरला. म्हटलं, बाई गं, माझ्यापुढे नको. आई असती तर लग्नाआधी तिने चार गोष्टी कानात सांगितल्या असत्या. मला कुणी सांगितल्या नव्हत्या, मी पहिले चार दिवस भीतीने तापाने फणफणले होते. बघितलंस तर बघितलंस. त्यात पाप नाही.

तिने हात काढून घेतला. माझ्याकडे नुसतं बघत राहिली. मग चपला घालून गेली.

लाजली असेल.

२९ नोव्हेंबर, सोमवार

यादी पुसता येते! सुनंदाने दाखवलं. इथे दाबायचं, मग इथे, मग ते विचारतं "खरंच का", त्याला हो म्हणायचं. इंग्रजी अक्षरं चित्रासारखी वहीत उतरवून घेतली, दुकानात कुणी नसताना सहा वेळा करून बघितलं, जमलं. हिला कुठून आलं विचारलं, तर म्हणाली मशीनबरोबर आलेल्या पुस्तकातून. हुशार आहे पोरगी. रतिलालला तिची किंमत नाही.

आता दुपारी कुणी उठलं की आधी मशीन पुसते, मग खुर्ची. पुठ्ठ्यावर पाटी लिहून प्रत्येक केबिनीत टांगली — "जाताना पुसून जावे." खाली कुठे दाबायचं त्याची चित्रं. रजिस्टरात नाव मागत नाही, नुसता नंबर. आणि ज्याला त्याला सांगते, बाबा, काय बघायचं ते तू आणि तुझा देव, पण स्वतःचा पत्ता मागे ठेवू नकोस. पासवर्ड दुसऱ्याला सांगू नकोस. मशीन नाव-गाव विचारायला लागलं तर देऊ नकोस, ते काही सोयरीक जमवायला आलेलं नाही.

सफारीवाला परत आला होता. पाटी वाचली आणि उभ्या उभ्या निघून गेला. जाऊ दे. निदान आपल्या पायांनी गेला.

रतिलाल म्हणतो, माय, तू गिऱ्हाईक तोडशील. त्याच्याशी बोलणं कमी केलंय. पोटचा आहे. पण त्याच्या हातचं पाणीसुद्धा गिळवत नाही.

१ डिसेंबर, बुधवार

धुळ्याहून निरोप. नवऱ्या मुलाचे मामा बन्सीलाल उद्या येणार, कागद आणि रजिस्टर डोळ्यांनी बघणार. पटलं नाही तर बारा तारखेचं लग्न मोडलं. अभिमनआबा ओट्यावर बसून आहेत. खोकतही नाहीत.

२ डिसेंबर, गुरुवार

आमच्याच पुढच्या खोलीत बसले सगळे. बन्सीलाल, अभिमनआबा, रतिलाल, न बोलावता आलेला छगन. प्रमिला घरी. सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात.

बन्सीलाल वाईट माणूस नाही. कागद हातात घेतला तो एका कोपऱ्याला धरून, मेलेल्या पालीसारखा. म्हणाला, "अक्का, आमले वाद करना नही. फक्त खरं सांगा. ती घरनी सून व्हनार शे."

अभिमनआबा जमिनीकडे बघत म्हणाले, "मन्ही पोर तशी नही." आवाज विहिरीतून यावा तसा.

मी रजिस्टर उघडलं. म्हटलं, हे बघा, पोरीची आल्याची वेळ आहे, गेल्याची नाही. का नाही? कारण ती दहा मिनिटांत उठली. केबिन रिकामी झाली आणि मी जाऊन बसले.

कुणाला कळलंच नाही आधी. बन्सीलाल म्हणाला, "बठनात म्हंजे?"

"म्हंजे मीच देखत व्हती."

छगन फिसकन हसला. "अक्का? ह्या वयमा?"

म्हटलं, वयाने गुडघे जातात छगन, डोळे नाही जात. दुपारी गल्ल्यावर मीच असते, साऱ्या गल्लीला विचार. रोज लोक पडद्यामागे काय बघतात ते एकदा बघायचं होतं, बघितलं. ओकारी आली. आता माझी सोयरीक मोडायची असेल तर मोडा. माझं लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली आणि नवरा जाऊन नऊ.

दारातल्या ट्रेमधले कप वाजायला लागले. बुधवारी मी दवाखान्यात होते हे घरात एकट्या सुनंदाला माहीत. तिच्याकडे बघितलं. ती बोलली नाही. गुणाची पोर.

रतिलालचं तोंड पांढरंफटक. तो कागद त्याने स्वतः छापला होता, स्वतः वाचून दाखवला होता. बन्सीलालने कागदाची घडी केली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "भाऊ, तुना घरनं तू संभाळ." चहा न घेता उठला. पण दारात अभिमनआबांना म्हणाला, बाराला हळद घेऊन येतो.

५ डिसेंबर, रविवार

भाजीवाली माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावते. लावू दे. वांगी ताजी होती.

७ डिसेंबर, मंगळवार

भजनाला गेले. कुणी सरकून जागा दिली नाही. दाराजवळ, चपलांपाशी बसले. टाळ मागितले तर म्हणाल्या, एक जोडी फुटलीय.

९ डिसेंबर, गुरुवार

अभिमनआबा आले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे. "अक्का, लगीनले नका येऊ. त्यास्नी मानसं राहतीन." मी म्हटलं, बरं आबा. त्यांनी माझ्याकडे वर मान करून बघितलं नाही. खरंच वाटतंय त्यांना. त्यांनाही माझी किळस येते.

हे नव्हतं मनात धरलं. बाकीच्यांचं धरलं होतं.

१३ डिसेंबर, सोमवार

काल लग्न लागलं. आमच्या ओट्यावरून वाजंत्री ऐकली. प्रमिला टेम्पोत बसताना इकडे वळली. मी हात वर केला. तिने केला नाही.

उपकार फेडायची रीत कुठे राहिलीय आताच्या पोरींत, असं मनात आलं. आलं ते लिहून ठेवते.

२० डिसेंबर, सोमवार

सुनंदा दुपारी माझ्यापाशी येऊन बसली. रतिलाल झोपला होता. म्हणाली, "आत्याबाई, प्रमिला खरंच दहा मिनिटांत उठली होती. तिच्या जागी मी बसले. हे रोज एवढं काय बघतात, ते एकदा बघायचं होतं. मग फोन वाजला आणि तसंच टाकून उठले. पुसायचं असतं हे तेव्हा माहीत नव्हतं." मी उठून आधी दाराला कडी घातली. मग तिला म्हटलं, नाव माझं पडलंय ते माझंच राहील, तू रतिलालपुढे कधी बोलायचं नाहीस.

सासरी आलेलं पत्र आधी दुसरेच वाचतात. म्हणून धुळ्याला एवढंच लिहिलं — चि. प्रमिला, तुझी तब्येत कशी आहे, सासूबाईंची, मामांची? तू त्या दिवशी म्हणालीस तेच खरं होतं. मी हात धरला पण ऐकलं नाही. पत्र मिळताच दोन ओळी लिही.