चांदीची शेपटी

नापोली, ३ मार्च

ती. रोझाल्बा आत्यास,
ओर्नेल्लाचा सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्यानंच लिहितेय, बसवतच नाहीये. आत्या, माझं प्रथिन लाल झालं! तीन वर्षं जे आधी संगणकावर रचलं, मग जिवाणूंकडून करवून घेतलं, जे निसर्गात कुठेच नाही, ते. त्याच्या पोटात मी एक खळगी ठेवली होती. आपलं रक्त ज्याच्यामुळे लाल दिसतं ते लोहाचं कडं त्या खळगीत येऊन बसावं, एवढीच माझी मागणी. आजवर बसलं नाही, आज बसलं! नळीत डाळिंबासारखा रंग आला आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतला फाउस्तो आग लागली समजून वाळूची बादली घेऊन धावत आला.

प्रोफेसर स्कोन्यामील्यो यांनी सगळ्यांना पापुद्र्यांचा गोड स्फोल्यातेल्ला खाऊ घातला. मे महिन्यातल्या सभेत मी हे मांडलं की इथली दोन वर्षांची जागा माझीच, असं ते म्हणाले. म्हणजे नोकरीसाठी पार स्वित्झर्लंडला, बाझेलला जायला नको. दर रविवारी बसनं तुझ्याकडे जेवायला, आणि तुझं हृदय माझ्या नजरेखाली.

प्रथिनाचं चित्र काढून पाठवतेय. चार उभी नळकांडी, मधे खळगी, खाली लोंबतेय ती शेपटी. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, ती कामापुरती असते. आणि हात जोडते, कुणाला सांगू नकोस.

लोभ आहेच, तो रविवारच्या रश्शात दिसावा.
तुझी (सध्या फार हुशार) ओर्नेल्ला

कालीत्री, ९ मार्च

चि. ओर्नेल्ला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. फक्त पाववाल्याकडे बोलले. तिथे माणसं उभी होती त्याला मी काय करू? आता गावभर झालंय की रोझाल्बाची भाची रक्त बनवते. पाद्रीबाबांनी विचारलं की तुझं रक्तही नापोलीच्या कुपीतल्या संत सान जेन्नारोच्या सुकलेल्या रक्तासारखं मे महिन्यात चमत्कारानं पातळ होतं का. मी सांगितलं की आमचं आधीपासूनच पातळ आहे, वाट बघत बसावं लागत नाही. ते हसले नाहीत.

आणखी एक उद्योग केलाय, रागावू नकोस. तू नापोलीतच राहिलीस तर चांदीचं काहीतरी वाहीन, असा सान जेरार्दोला नवस बोलले होते. लोक बरा झालेला अवयव वाहतात, हृदय, पाय, डोळे. मी सोनाराला तू पाठवलेलं चित्र देऊन टाकलं. हा शरीराचा कुठला भाग, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, हुशार भाग.

डॉक्टर जिना चढू नका म्हणतो. मी त्याला सांगितलंय की आता रविवारी माझी पोरगी चढेल. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

नापोली, २१ मार्च

ती. आत्यास सा. न.

सोनाराला थांबव! आत्ताच्या आत्ता!

आत्या, मी गाढव आहे. शिकलेली गाढव आहे, म्हणजे जास्तच. जिवाणूंच्या रश्शातून आपलं प्रथिन ओढून काढायला आम्ही त्याला शेपटी लावतो. तिला धातूची मुळातच ओढ असते, धातूच्या मण्यांना ती चिकटते, म्हणून तर लावायची. काम झालं की कापून टाकायची. नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात हे कोण शिकवतं? मी! काल फाउस्तोनं सहज विचारलं की शेपटी कापल्यावरही लालच राहतं ना. मी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं माफी मागितली. मग मलाच आठवलं. कापलीच नव्हती.

तो गेल्यावर कापली. गाळणीतून प्रथिन आलं ते पाण्यासारखं स्वच्छ, आणि सगळा रंग वर तपकिरी होऊन अडकून बसला. तीन वर्षं बांधलेली माझी खळगी रिकामी, आणि तो लोहाचा पाहुणा शेपटीला धरून लोंबत होता! मी नाचले ती शेपटीच्या पराक्रमावर.

अजून कुणाला माहीत नाही. मे महिन्यापर्यंत गप्प बसले तर जागा मिळेल, खळगी मागाहून दुरुस्त करता येईल. गप्प नाही बसले तर बाझेल. तू एकटी, तो जिना, तुझं हृदय. मला काही सुचत नाही. तू सांगशील तसं करते.

या गाढवावर लोभ ठेव.
ओर्नेल्ला

कालीत्री, २७ मार्च

चि. ओर्नेल्ला हिस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

माझं हृदय तुझ्या नळीत घालू नकोस. ते माझं आहे आणि इतकी वर्षं बिनशेपटीचं चाललंय.

खोटं पोटात घेऊन तू दर रविवारी माझ्यासमोर बसणार, आणि मी सकाळपासून शिजवलेला रस्सा तुझ्या घशाखाली उतरणार नाही. तुला मेलीला काही लपवता येतं का? लहानपणी चीज चोरून खाल्लंस आणि स्वतःच भोकाड पसरत आलीस. मला तर कमी झालेलं कळलंही नव्हतं! जा, प्रोफेसरांना सांग. ओरडले तर ओरडू देत. बाझेलला काय माणसं राहत नाहीत? थंडी असते, एवढंच. लोकरीचे मोजे विणायला घेतलेत.

हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत नव्हते, तरी कांद्यानंच आलं असं समज.

सोनाराचं काम झालंय. त्याला शेपटीच सगळ्यात आवडली. फार सुबक उतरलीय.

भूक आणि माया दोन्ही राखून असावे.
आत्या

नापोली, १४ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

सांगितलं. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता कायमची हाकलतात. त्यांनी मे महिन्याच्या सभेतून माझं नाव काढलं, आणि मग बाझेलला माझ्यासाठी असं शिफारसपत्र लिहिलं की ही मुलगी स्वतःची चूक स्वतः पकडते. शीतकपाटावर आता मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे, आधी शेपटी कापा. खाली कुणीतरी माझं चित्र काढलंय. कान गाढवाचे. हुबेहूब आहे.

जागा फाउस्तोला मिळाली. त्यानं पुन्हा माफी मागितली.

सप्टेंबरात निघायचं आहे. आत्या, चूक मी केली आणि शिक्षा तुला झाली. रविवारची बस माझ्याशिवाय येईल, हे काही केल्या सहन होत नाही. मला माफ कर.

तुझीच,
ओर्नेल्ला

कालीत्री, ५ मे

चि. ओर्नेल्ला हिस पोटभर आशीर्वाद.

सान जेरार्दोला जाऊन आले. तू राहणार नाहीस, म्हणजे नवस फेडायचं कारण नाही, असं पाद्रीबाबा म्हणत होते. मी ऐकलं नाही. चांदीचं ते घरात ठेवून रोज बघवलं नसतं.

जिन्याची काळजी करू नकोस. सावकाश चढते आणि वर पोचले की तुला पत्र लिहायला बसते. मग धाप कशानं लागली, कुणाला कळतंय?

देवळातल्या रखवालदारानं ते उलटसुलट करून पाहिलं. तिथे हृदयांची भिंत वेगळी, पायांची वेगळी, डोळ्यांची वेगळी. हे लावायचं कुठे? कुठला अवयव, काय दुखणं होतं, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, शेपटी आहे, माझ्या पोरीची. वेळेवर कापली, आता ती ठणठणीत बरी आहे. त्यानं ते हृदयांच्या भिंतीवर टांगलं.

मोजे पूर्ण झालेत. बाकी काय हवं ते काप, लोभ तेवढा कापू नकोस.
तुझी आत्या